अस्वल आधी जातं

९ जानेवारी, सोमवार

अस्वल दिसलं नाही. एका थेंबावर विसंबायचं नाही म्हणून चार काचा पाहिल्या. जंतूंचे गठ्ठे आहेत, घंट्या आहेत, चाकवाले आहेत — अस्वल नाही. मागच्या सोमवारी दोन होती.

साहेबांनी नेहमीसारखं दारातूनच विचारलं, "काय, हलतंय का?" आत यायचं नाही, बसायचं नाही, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा तर नाहीच. मी म्हटलं, "हलतंय." तसं खोटं नव्हतं.

माझी धाकटी बहीण काल दोन बॅगा आणि स्वतःची उशी घेऊन आली. सहावा लागलाय. नवरा जहाजावर, जूनशिवाय परत येत नाही, म्हणून बाळंत होईपर्यंत इथेच. तीन वर्षांपूर्वी पोटातलं एक गेलं तेव्हापासून ती दोन पायऱ्या उतरतानाही कठडा धरते.

जेवताना मी सहज बोलून गेले, आज अस्वल नव्हतं. तिचा घास हातातच राहिला. "तुझ्या ऑफिसात अस्वल?" अप्पांना हसता हसता ठसका लागला. मग सांगत बसले. शहराचं सगळं सांडपाणी आमच्या टाकीत येतं. ते साफ कोण करतं? मी नाही, साहेब तर मुळीच नाही. जंतू करतात. ते घाण खातात. जंतूंना घंट्या खातात — देठावर उलटी घंटा, तोंडाशी सारखा भोवरा फिरत असतो. त्यांच्यावर चाकवाले. आणि सगळ्यांच्या वर अस्वल — आठ पायांचं, गुबगुबीत, डोळ्याला ठिपकाही दिसणार नाही एवढं. ते दिसलं की समजायचं, खालची सगळी पंगत नीट जेवते आहे.

"मग अस्वलं एवढी थोडी का?" धाकटीचा प्रश्न. लहानपणापासून बरोबर तिथेच बोट ठेवते. म्हटलं, खाल्लेलं सगळं अंगाला लागत नाही गं. हलण्यात, श्वासात जळून जातं. दहा घास खावेत तेव्हा एक अंगावर चढतो. त्याला जो खाईल त्याचंही तेच. वर जाता जाता उरतं किती? म्हणून खाली लाखो आणि वर दोन. अप्पा म्हणाले, "आपल्या पातेल्याचं तेच होतं. माझ्यापर्यंत खरवडच येते." आणि खरंच पातेलं खरवडायला लागले.

१२ जानेवारी

आजही नाही.

१४ जानेवारी, शनिवार

खापऱ्यांचा वार. टाकीतला जादा गाळ आम्ही उन्हात वाफ्यांवर पसरतो. वाळला की तडकून त्याच्या खापऱ्या होतात. शनिवारी सुटताना ज्याने त्याने एक पोतं भरून घरी न्यायचं, ही आमची जुनी रीत. कुणी ठरवली माहीत नाही. साहेबांच्या गुलाबांनाही हेच. असलं खत विकत मिळायचं नाही.

बगळ्याने माझं पोतं गाडीवर बांधून दिलं. बगळा म्हणजे आमचा टाकीवाला. उंच, किडकिडीत, टाकीच्या पुलावर एका पायावर भार टाकून तासन्‌तास उभा असतो. नाव मी ठेवलं, आता त्याची बायकोही तेच म्हणते. "ताई, अस्वल आलं का?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर पाण्याकडे बघून म्हणाला, "फेस बदललाय. बारीक झालाय." मी म्हटलं, तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं.

अप्पांनी खापऱ्या हाताने फोडून परसातल्या चारही वाफ्यांत घातल्या. सातही कोंबड्या मागे मागे. सगळ्यांत पुढे मास्तरीण — ती कुणाला पुढे जाऊच देत नाही. कुदळ उचलली की गांडूळ तिचं, मग बाकीच्यांनी उरलेलं वेचायचं.

धाकटीला अंडं खा म्हटलं तर नाक मुरडलं. वास येतो म्हणे. मी म्हटलं, दुकानातल्याला येत असेल, हे घरचं आहे. समोर बसून खायला लावलं.

२० जानेवारी

चाकवाले कमी झालेत. जे आहेत ते आखडून बसलेत, चाकं आत. साहेबांचं म्हणणं, "थंडी आहे, त्यांनाही गारठा लागत असेल." मी म्हटलं, गेल्या वर्षीही थंडी होती. "मग या वर्षी जास्त असेल." या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२४ जानेवारी

घंट्या गेल्या. देठं उभी आहेत, वर काही नाही. फुलं खुडून नेल्यावर ताटवा दिसतो तसं.

यावरून मला एक कळतं — वरून रिकामं होत येतं. आधी अस्वल, मग चाकवाले, मग घंट्या. शेवटी जंतू. नुसते उपाशी राहिले असते तर खालून सुरुवात झाली असती. हे उपाशी मरणं नाही. कुणीतरी विष घालतंय.

टाकीच्या तोंडाशी पाण्यात लिटमसची पट्टी बुडवली. लाल झाली. आंबट आहे! दुपारी पुन्हा बुडवली, तर ठीक. म्हणजे सोडणारा वेळ बघून सोडतो.

साहेबांना बोलावून जबरदस्तीने सूक्ष्मदर्शकात पाहायला लावलं. पहिल्यांदाच पाहत होते बहुतेक. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "काहीच हलत नाही की." आवाज नेहमीचा नव्हता. बाहेर पडणारं पाणी गढूळ गेलं तर नदीच्या खालची गावं आमच्या नावाने खडे फोडणार, आणि पहिला खडा त्यांना लागणार.

२७ जानेवारी

मी आणि बगळा शहरभर झाकणं उचलत फिरतोय. तो पहारीने झाकण उचलतो, मी दोरीला डबा बांधून पाणी काढते, पट्टी बुडवते. लोक विचारतात, काय शोधताय? बगळा गंभीर चेहऱ्याने सांगतो, "अस्वल." एका म्हाताऱ्याने खरंच दार लावून घेतलं. हसून हसून माझ्या हातातला डबा पडला. आठवड्यात पहिल्यांदा हसले असेन.

२ फेब्रुवारी

सापडलं. जुन्या बाजारामागची गल्ली, तिथे गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात. आतलं आंबट पाणी सकाळी सकाळी गटारात, आतलं शिसं वितळवून विकायला. पत्र्याच्या शेडमध्ये चार माणसं, हात कोपरापर्यंत राखाडी. मालकाने मला बसायला खुर्ची दिली, वर चहा विचारला. "कधीपासून चाललंय?" तर म्हणे, "मागच्या पावसाळ्यापासून. जानेवारीत माल वाढला. कुणी काही बोललं नाही." कुणी काही बोललं नाही, म्हणून चालू! त्यांच्यातल्या एकाचं मनगट लोंबत होतं, हात सरळ उचलता येत नव्हता. तो माझ्याकडे बघून उगीच हसला.

साहेबांनी आज खरंच काम केलं. दुपारपर्यंत शेडला टाळं.

४ फेब्रुवारी, शनिवार

आता टाकी धुवायची. उपाय एकच — मेलेला गाळ जेवढा काढता येईल तेवढा उपसायचा, वाफ्यांवर पसरायचा, आणि दुसऱ्या शहराच्या केंद्रातून चांगल्या गाळाचा टँकर आणून ओतायचा. विरजण लावतात तसं. उपशाचा पंप सकाळपासून चालू आहे. माझं हे काम मनासारखं चाललं की मी गुणगुणते म्हणे. बगळ्याने नक्कल करून दाखवली.

२५ फेब्रुवारी, शनिवार

उपसलेल्या गाळाच्या खापऱ्या झाल्या. एवढा गाळ एकदम कधीच निघाला नव्हता, वाफे ओसंडतायत. साहेब म्हणाले, दोन दोन पोती न्या, जागा रिकामी करा. मी तीन नेली. खापऱ्या काळ्याभोर, जड. अप्पा खूश — "काय माल आहे!" रात्रीच्या जेवणाला पालक. धाकटीने दोनदा घेतला, अंड्यापेक्षा बरा म्हणून. तरी अंडं सोडलं नाहीच मी. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिचा चेहरा आता जरा भरलाय. नवऱ्याला फोनवर सांगत होती, "ताई मला कोंबडीसारखी दाबून भरवते." सांगू दे.

७ मार्च

घंट्या आल्या! काचेवर सात-आठ, भोवरे फिरवतायत. साहेबांनी दारातून विचारायच्या आत मीच ओरडले, "हलतंय."

१८ मार्च, शनिवार

अस्वल.

एकच. काचेच्या कडेला, चिखलाच्या कणाला बिलगून, पाय हलवत. मला रडू आलं, खरं सांगते. बगळ्याला हाक मारली. तो एक डोळा मिटून कितीतरी वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "ताई, हे तर माझ्या मोठीसारखं चालतं." त्याची मोठी चार वर्षांची आहे, गुबगुबीत.

बाहेर पडणारं पाणी काचेसारखं आहे. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी दोन घरी आणले, एक धाकटीला आणि एक तिच्या पोटातल्याला. दोन्ही तिनेच खाल्ले.

२२ मार्च

अप्पांचं पोट दुखतंय. कळ येते, मग थांबते. दोन दिवस कोठाही साफ नाही. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून औषध दिलं. चिडचिड वाढलीय. आज पाण्याचा तांब्या जरा उशिरा दिला तर तांब्याच आपटला. अप्पा! ज्यांनी आम्हाला कधी आवाज चढवून दाखवला नाही ते.

२६ मार्च, रविवार

मास्तरीण लंगडते. पाय मुरगळला असेल. तरी पुढे राहायचा हट्ट आहेच — तीन पावलं टाकते, बसते, पुन्हा उठते.

३० मार्च

लंगडणं नाही ते. दोन्ही पाय धरत नाहीत. मान वाकडी करून बसून राहते. तुरा फिका पडलाय. आणखी दोघी तशाच होऊ लागल्यात. अंड्याचं कवच आज हातातच दबलं, ओल्या कागदासारखं.

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. रोग नाही म्हणाले, रोग असता तर सगळ्या एकदम पडल्या असत्या. "काहीतरी खाल्लंय." मी म्हटलं, डॉक्टर, बाहेरचा एक दाणा खात नाहीत, सगळं घरचंच. ते म्हणाले, "मग घरचं काहीतरी."

३१ मार्च

मास्तरीण गेली. अप्पांनी वाफ्याच्या कडेला पुरली.

२ एप्रिल, रविवार

सकाळी पाटावर बसून नुसतं बघत होते. अप्पांनी पोट धरून दोन कुदळी मारल्या. माती काळी, मऊ. गांडुळं कशी म्हणावी — करंगळीएवढी, चकचकीत. त्यांना काही झालेलं नाही. आता मास्तरीण नाही तर दुसरी पुढे सरसावली. एक गांडूळ उचललं, गिळलं. दुसरं. तिसरं. चोच पुसली. वळताना तिचा पाय घसरला.

मी कप खाली ठेवला आणि वही घेतली.

मी शहरभर झाकणं उचलत फिरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नीट लिहिते. घाईने काही ठरवायचं नाही. आंबट पाणी वाहून गेलं, ते मी पट्टीवर पाहिलं. पण बॅटऱ्यांत नुसतं आंबट पाणी नव्हतं, शिसंही होतं. ते कुठे गेलं? पाण्यात नाही, पाणी स्वच्छ आहे. जंतूंनी धरून ठेवलं. जंतूंचा गाळ झाला. गाळ आम्ही उपसला, म्हणून तर टाकी बरी झाली! गाळाच्या खापऱ्या झाल्या. खापऱ्या मी गाडीवर बांधून घरी आणल्या. मागच्या पावसाळ्यापासून, दर शनिवारी. आणि शेवटच्या खेपेला तीन पोती.

खापरीतून मातीत. मातीतून गांडुळात, पालकात. गांडुळातून कोंबडीत. कोंबडीतून अंड्यात.

त्या रात्री मी धाकटीला काय सांगितलं होतं, दहा घास खावेत तेव्हा एक अंगावर चढतो, बाकीचं जळून जातं. शिसं जळत नाही. ते श्वासातून जात नाही, हलण्यात संपत नाही. खालच्याने जेवढं खाल्लं तेवढं तो वरच्याच्या हातात ठेवतो. जेवण वर जाता जाता कमी होतं, आणि हे साठत जातं.

अजून काही सिद्ध नाही. कोंबड्यांना दुसरंही काही होऊ शकतं.

३ एप्रिल

तीन बाटल्या भरल्या. खापरीचा चुरा, वाफ्यातली माती, अंड्याचा बलक. कॉलेजातली माझी मैत्रीण तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, तिच्या हातात दिल्या. "बलक कशाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, लवकर कर.

घरी येऊन सांगितलं, कोंबड्या बिघडल्यात, अंडी बंद. धाकटी म्हणाली, "सुटले बाई एकदाची." सगळा पालक उपटला, कीड पडली म्हणून. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. कीड कुठे होती त्यावर.

५ एप्रिल

धाकटीचं पोट आता पुढे आलंय. जेवताना ताट पोटावरच टेकवते. बाळ लाथ मारतं तेव्हा वाटी हलते. "बघ, याला वरण आवडलं नाही." अप्पा हसतात.

७ एप्रिल

साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे ना? मग कशाला पुन्हा उकरून काढताय?" मी विचारलं, तुमच्या गुलाबांखाली काय आहे माहीत आहे का? ते म्हणाले, "गुलाब कुणी खात नाही." बरोबर आहे. त्यांच्या घरी कुणी गुलाब खात नाही.

११ एप्रिल

मैत्रिणीचा फोन. आधी म्हणाली, बसली आहेस का. मग सांगितलं. खापरीत शिसं इतकं, की तिने पुन्हा करून पाहिलं. मातीत त्याहून कमी पण पुष्कळ. बलकात आहे.

"ही अंडी कुणी खात नाही ना?"

मी फोन ठेवून दिला. तिने नंतर दोनदा केला, मी उचलला नाही.

१२ एप्रिल

बगळ्याला सांगितलं. पुलावर, पंप चालू असताना, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये. त्याच्याकडेही दर शनिवारचं पोतं. वांगी, टोमॅटो, दोन पोरी. त्याचे दोन्ही पाय पुलावर टेकलेले. म्हणाला, "मोठी महिनाभर पोट दुखतं म्हणते. आम्ही जंताचं औषध दिलं." मग पंप बंद न करताच घरी निघून गेला. मीच बंद केला.

दुपारी वाफ्यांवर गेले आणि उरलेल्या सगळ्या खापऱ्यांवर ताडपत्री टाकून दोऱ्या बांधल्या. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. अडवलं नाही, मदतही केली नाही.

१३ एप्रिल

घरी अजून बोलले नाही. सोमवारी धाकटीची तपासणी आहे, तिथेच डॉक्टरांसमोर सांगू असं ठरवते. मग वाटतं आत्ताच सांगावं. मग ती उशी पाठीशी घेऊन लोकर विणत बसलेली दिसते आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात वळते. मी भित्री आहे हे मला माहीत नव्हतं. सगळे मला फटकळ म्हणतात.

एक गोष्ट मनातून जात नाही. वरून रिकामं होत येतं. टाकीत अस्वल वर होतं, म्हणून ते आधी गेलं. परसात मास्तरीण वर होती. घरात कोण वर? मी म्हणत होते, आम्ही तिघं. अंडी खाल्ली धाकटीने, म्हणजे ती.

नाही. धाकटीच्या वर आहे कुणीतरी. ती जे जेवते त्यातलंच तिच्या पोटातलं जेवतं. सगळ्यांत वरची पायरी ती आहे, आणि तिच्यावर बसलेल्याला अजून नावही नाही.

१७ एप्रिल, सोमवार

सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, सगळं, खापऱ्यांपासून बलकापर्यंत. बाईंनी पेन खाली ठेवलं. रक्त घेतलं, धाकटीचं आणि माझंही, अप्पांना संध्याकाळी बोलावलं. म्हणाल्या, आईच्या रक्तात जे आहे ते बाळापर्यंत जातंच, पण किती, आणि त्याचं काय होईल, हे कुणी सांगू शकत नाही. बाळाची हालचाल रोज बघायची. कमी वाटली तर वाट पाहायची नाही, उठून यायचं.

गाडीत धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी बोलत होते. मला माहीत असतं तर, मी तुझ्या भल्यासाठी, असलंच काहीतरी. घर आलं तेव्हा ती म्हणाली,

"मला अंडं आवडत नव्हतं ताई."

एवढंच. मग कठडा धरून पायऱ्या चढली.

१८ एप्रिल

अप्पांना रात्रभर झोप नाही. सकाळी पाहिलं तर कोंबड्यांचं खुराडं मोडून ठेवलेलं. उरलेल्या सहाजणी गुरांच्या डॉक्टरांकडे पोचवल्या. चारही वाफे ताडपत्रीने झाकलेत, कडेला विटा. परसात आता काही वाजत नाही. अप्पा म्हणाले, "पोरी, मी फोडून घातल्या त्या खापऱ्या. तुझी एकटीची चूक नाही." मला वाटलं, त्यांनी तांब्या आपटला असता तर बरं झालं असतं.

२० एप्रिल

रक्ताचा अहवाल आला. तिघांच्याही रक्तात आहे. सगळ्यांत जास्त धाकटीच्या. डॉक्टरीणबाई मोठ्या रुग्णालयात कुणाशी तरी बोलल्या. पुढच्या बुधवारी तिथे न्यायचं, कदाचित लवकर बाळंत करतील. बगळ्याच्या मोठीलाही तिथेच दाखवायचं आहे. एकाच गाडीने जाऊ म्हणालो.

धाकटी तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आज स्वयंपाकघरात आली, काही न बोलता माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून टाच लागली, चांगली जोरात. "हलतंय बघ," ती म्हणाली. "लाथाळ आहे. तुझ्यावर गेलंय." मी तिथेच ओट्याला टेकून रडले. तीही रडली. मग म्हणाली, "पुरे आता, भाजी करपते आहे." खरंच करपली होती.

२२ एप्रिल, शनिवार

आज कुणीच पोतं नेलं नाही. सुटताना सगळे ताडपत्रीजवळून गेले, कुणी तिकडे पाहिलं नाही.

२४ एप्रिल, सोमवार

गाडी येईपर्यंत लिहिते, हाताला काहीतरी हवं.

सकाळी काचेवर पाच अस्वलं. पाच एकदम मी कधीच पाहिली नव्हती. साहेबांनी दारातून विचारलं, "हलतंय का?" मी म्हटलं, हो, सगळं हलतंय.

घरी आले तर धाकटी पुढच्या पायरीवर बसलेली, दोन्ही हात पोटावर. जेवली नव्हती. मला वाटलं, माझी वाट बघते आहे.

"ताई, सकाळपासून हललं नाही गं."

अप्पा तिच्या चपला शोधतायत.